‘एमडीआय’ उघडेना, मोडी वाचेना!

‘स्कॅन करून मेल कर ना, दोन मिनिटांचं काम आहे!’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं, त्याने आयुष्यात कधी स्कॅनरला हात लावला नसणार. दोन मिनिटं म्हणे! पहिली दहा मिनिटं स्कॅनरच सापडत नाही (आपल्याला टेबलावर ढळढळीत दिसतोय, कॉम्प्युटरला दिसत नाही). मग सापडतो, तर पान तिरकं येतं. सरळ आलं, तर फाइल चाळीस एमबीची होते. ती छोटी करावी, तर शिक्का गायब! आणि एवढा सगळा उपद्व्याप करून पाठवली, की पलीकडून उत्तर येतं, ‘ओपन होत नाहीये रे, परत पाठव.’

मीटिंगचे मिनिट्स असतील तर ठीक आहे. चिडा, चहा प्या, परत स्कॅन करा. पण कागद एकुलता एक असेल, पणजोबांच्या काळातला असेल आणि त्यावर कुणाचा दाखला किंवा दोन एकर रान अडकलेलं असेल तर?

म्हणून या वेळी आपण बीडला जाऊया. पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसात एक तरी ‘आमच्या बीडकडचा’ असतोच. बीड शहरात रेल्वे पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं, पण गावाकडून निघालेली पीडीएफ मात्र कित्येक वर्षांपासून रोज पुण्याला येतेय. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, फेरफाराची नक्कल, जुनं खासरा पत्रक... एचआरला काहीतरी हवं असतं, बँकेला काहीतरी, धाकट्या बहिणीच्या ॲडमिशनला आणखी काहीतरी. गावात भाऊ झेरॉक्सच्या दुकानात उभा, इथे आपण ऑफिसच्या पीसीसमोर, आणि मधे ती फाइल.

दीड हजारात एक

बीडच्या जुन्या कागदांची गोष्टच वेगळी आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जुनं महसुली दप्तर उर्दूत आणि मोडीत. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि ही सगळी दप्तरं कपाटांतून बाहेर आली. ३० ऑक्टोबर २०२३ ला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी समितीच्या पहिल्या अहवालातले आकडे सांगितले. पावणेदोन कोटींच्या घरात कागद तपासले, त्यात ११,५३० नोंदी सापडल्या. उर्दू आणि मोडीतल्या या नोंदींचं भाषांतर करून, डिजिटल करून त्या सगळ्यांसाठी खुल्या करायच्या असंही तेव्हा ठरलं. पुढे बीडसह जिल्ह्यांच्या वेबसाइटवर स्कॅन केलेली पानं दिसू लागली.

आरक्षणाच्या वादात आपण इथे शिरणार नाही, त्यासाठी टीव्हीवाले समर्थ आहेत. पण जरा हिशेब करा. दर दीड हजार कागदांमागे एक नोंद! ते एक पान स्कॅनरने कोरं समजून गाळलं तर? किंवा समासातली ओळ कापली गेली तर? ज्या घराची ती नोंद आहे, त्यांना ती ‘नाही’ असंच कळणार. कुणी मुद्दाम केलं नाही, कुणाला पत्ताही नाही. फक्त एका सेटिंगवर टिक होती.

दोन मोडी, दोन तऱ्हा

आता एक गंमत. मायक्रोसॉफ्टने २००१ च्या ऑफिस एक्सपीबरोबर कागद स्कॅन करून ठेवायचं एक सॉफ्टवेअर दिलं होतं. त्याचं नाव ‘मायक्रोसॉफ्ट ऑफिस डॉक्युमेंट इमेजिंग’. इंग्रजी आद्याक्षरं जोडून वाचा बरं... मोडी! रेडमंडच्या मंडळींना आपल्या लिपीचा पत्ताही नसणार, पण योगायोग बघा, त्यांचं मोडीही आज तितकंच दुर्बोध झालंय.

ऑफिस २००३ मध्ये ते होतं, ऑफिस २००७ मध्येही होतं (पण आपणहून इन्स्टॉल होत नसे, मागून घ्यावं लागे), आणि ऑफिस २०१० मध्ये ते साफ काढून टाकलं. मधल्या काळात किती ऑफिसांनी किती कागद त्यात कोंबले असतील! त्याच्या फाइलला शेपूट ‘एमडीआय’ असं लागायचं. दिसायला टापटीप, आकाराने छोटी. झोल एवढाच, की ती मोडीशिवाय जवळपास कशातच उघडत नाही. त्या वर्षांतली स्कॅनिंगची सीडी तुमच्या ऑफिसच्या कपाटात असेल, तर आजच बाहेर काढा. एक तर सीडी स्वतःच कायमची टिकत नाही, आणि दुसरं म्हणजे ती वाचणारा ड्राइव्ह तुमच्या नव्या लॅपटॉपला नाहीच आहे!

एमडीआय फाइल हाती आली तर काय करायचं? पहिली गोष्ट, नुसतं नाव बदलून शेवटी ‘पीडीएफ’ लिहू नका. हसू नका, हा उपाय अगदी आत्मविश्वासाने सांगणारे प्रत्येक ऑफिसात असतात. नाव बदललं म्हणून आतला माल बदलत नाही. एमडीआयचं टिफमध्ये रूपांतर करणारं छोटं टूल मायक्रोसॉफ्टनेच फुकट दिलं होतं, तो सरळ मार्ग. ते काळ्या खिडकीत कमांड देऊन चालवावं लागतं, त्यामुळे आयटीवाल्या मित्राला एक वडापाव खर्च करा. दुसरा मार्ग म्हणजे ऑफिस २००७ ची लायसन्स असलेली जुनी सीडी. त्यातून फक्त हा एक भाग निवडून इन्स्टॉल करता येतो. मात्र अशा जुन्या मशीनला इंटरनेट लावू नका. फाइली काढा आणि बंद करा.

आणि कृपा करून कुठल्या तरी अनोळखी ‘फ्री कन्व्हर्टर’ वेबसाइटवर आजोबांचं खासरा पत्रक आणि आईचं आधार कार्ड चढवू नका. फाइल कन्व्हर्ट होते हो, पण तिची एक प्रत कुठे राहते, ते तुम्हाला कोणी सांगत नाही.

याच मोडीने आणखी एक खोडी करून ठेवली होती. ते इन्स्टॉल झालं की प्रिंटरच्या यादीत ‘डॉक्युमेंट इमेज रायटर’ नावाचा खोटा प्रिंटर येऊन बसायचा. तो डिफॉल्ट झाला, की प्रिंटची आज्ञा दिल्यावर कागद बाहेर यायच्याऐवजी ‘फाइल कुठे सेव्ह करू?’ असा प्रश्न. आजही हा प्रकार होतो, फक्त नाव बदललंय. आता तिथे ‘प्रिंट टू पीडीएफ’ असतं. प्रिंटर बिघडला म्हणून टेक्निशियनला फोन लावण्याआधी डिफॉल्ट प्रिंटर कोणता आहे ते बघा. निम्मी बिलं वाचतील.

टिफ फाइल उघडते, पण एकच पान दिसतं, बाकीची अकरा गेली कुठे? कुठेही गेलेली नाहीत. एका टिफमध्ये अनेक पानं राहू शकतात, पण फोटो बघायचे काही प्रोग्रॅम पहिलं पान दाखवून मोकळे होतात. इरफानव्ह्यूसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पुढच्या पानाचा बाण मिळतो.

समोर असून दिसत नाही तो

स्कॅनर न सापडण्याची कारणं बहुतेक वेळा फार साधी असतात. नेटवर्कवरच्या मशीनचा पत्ता राउटरने रातोरात बदललेला असतो. कॉम्प्युटर तिला जुन्या पत्त्यावर शोधत राहतो, जशी आपण मित्राची सोडलेली रूम शोधतो तसं. मशीनला कायमचा पत्ता देऊन टाकायला सांगा. यूएसबीवर असेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये ‘विंडोज इमेज ॲक्विझिशन’ ही सेवा थांबलीय का बघा आणि परत सुरू करा. जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर ३२ बिटचा आणि तुमचं सॉफ्टवेअर ६४ बिटचं, असंही होतं. मग दोघं शेजारी असून बोलत नाहीत. मशीन फेकायच्या आधी नॅप्स२ हे मोफत सॉफ्टवेअर एकदा लावून बघा. भल्याभल्या म्हाताऱ्या स्कॅनरना ते बोलतं करतं.

एक किस्सा तर देशभरातल्या ऑफिसांत घडला असेल. मोठं कॉपिअर मशीन, बटण दाबलं की स्कॅन थेट शेअर्ड फोल्डरमध्ये. वर्षानुवर्षं चाललं आणि विंडोज अपडेट झाल्यावर एके दिवशी ठप्प! मशीनला नावं ठेवून झाली, व्हेंडरला ओरडून झालं. खरं कारण भलतंच होतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तो ‘एसएमबी १’ नावाच्या जुनाट फाइल-शेअरिंग पद्धतीतल्या भोकातून. त्याच वर्षअखेर आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये मायक्रोसॉफ्टने ती पद्धत देणंच बंद केलं. जुन्या कॉपिअरना मात्र तेवढीच भाषा येत होती. ‘ते परत चालू कर ना’ असं कोणी सुचवेल, पण ऐकू नका. मशीनचं फर्मवेअर अपडेट होतं का बघा, नाहीतर पेन ड्राइव्हवर किंवा मेलवर स्कॅन घ्या.

शहाणा स्कॅनर नको रे बाबा

आता खरा मुद्दा. फाइल उघडली नाही तर निदान कळतं तरी! उघडली, छान दिसली आणि चुकीची निघाली, तर?

ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने एक इमारतीचा नकाशा झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर मशीनवर स्कॅन केला. नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, स्कॅनमध्ये तिन्हींवर एकच आकडा! पान पुसट नाही, अक्षर फुटलेलं नाही. स्वच्छ, ठसठशीत आणि साफ खोटं. झालं होतं असं, की फाइल छोटी करायला मशीन एकसारख्या दिसणाऱ्या आकृत्या शोधून एकच साठवत होतं आणि तीच सगळीकडे चिकटवत होतं. त्यात इंग्रजी ६ चा ८ होऊन बसायचा. कंपनीने आधी ठरावीक सेटिंगकडे बोट दाखवलं, मग इतर सेटिंगवरही तेच होतंय हे मान्य केलं आणि दुरुस्ती दिली.

आता हेच आपल्याकडे आणून बघा. कागदावर ०.६१ हेक्टर आहे आणि स्कॅनमध्ये ०.८१ झालं, तर जवळपास वीस गुंठ्यांचा फरक. भावकीत यापेक्षा कमी रानावरून पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद असतं, बॉस!

म्हणून जुना कागद स्कॅन करताना मशीनचा सगळा शहाणपणा काढून घ्यायचा. ‘स्किप ब्लँक पेजेस’ बंद, कारण फिकट शाईचं पान त्याला कोरं वाटतं. ‘बॅकग्राउंड रिमूव्हल’ बंद, कारण पिवळ्या कागदाबरोबर जांभळा शिक्काही धुतला जातो. ‘ऑटो क्रॉप’ बंद, कारण जुन्या रजिस्टरांत महत्त्वाचा शेरा नेमका समासात असतो. आणि जुनं, जीर्ण पान फीडरमध्ये घालू नका, काचेवर ठेवा. फीडरने दोन पानं एकदम ओढली तरी तो तुम्हाला सांगेलच असं नाही. कागद मोजून घ्या, फाइलमधली पानं मोजा. एवढं साधं काम, पण नव्वद टक्के लोक करत नाहीत (हा आकडा माझा, मनातला).

रिझोल्युशन ३०० डीपीआय, अक्षर बारीक किंवा फिकट असेल तर ६००. काळं-पांढरं नको, ग्रे किंवा रंगीत घ्या. काळ्या-पांढऱ्यात मशीनला प्रत्येक ठिपक्यावर ‘शाई की डाग?’ हा निकाल जागेवर द्यावा लागतो, आणि सत्तर वर्षांच्या कागदावर तो हमखास चुकतो. जागा किती लागते म्हणाल, तर एफोर पान ३०० डीपीआयला म्हणजे साधारण ८७ लाख ठिपके. न दाबता ठेवलं तर रंगीत २६ एमबी, ग्रे पावणेनऊ, काळं-पांढरं जेमतेम एक. मूळ प्रत मोठीच ठेवा, टिफमध्ये किंवा पीडीएफ-एमध्ये. अपलोडसाठी तिच्यावरून छोटी बनवा, मूळ कधीच छोटी करू नका. आणि गावाकडे स्कॅन चालू असेल तर शंभर पानांची एकच फाइल करायच्या फंदात पडू नका. परळीला औष्णिक वीज केंद्र असलेल्या जिल्ह्यातही लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि सेव्ह होता होता गेली तर शंभरही पानं गेली.

‘५०० केबीच्या आत’ ही आणखी एक डोकेदुखी. ‘आपले सरकार’ पोर्टलवर तर बराच काळ ७५ ते ५०० केबी अशी चौकट होती, म्हणजे फाइल फार छोटी झाली तरी नापास! तिथे रिझोल्युशन पार पाडण्याऐवजी रंगीतचं ग्रे करा आणि जेपीईजीची क्वालिटी थोडी कमी करा. मग पाठवायच्या आधी शंभर टक्के झूम करून प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडा. व्हॉट्सॲपवरून मागवत असाल, तर भावाला ‘फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव’ एवढं सांगा. फोटो म्हणून पाठवलं की ॲप तो दाबतं आणि आकडे तिथेच मार खातात.

मोबाइलचं स्कॅनर ॲप चालेल का? रोजच्या कामाला झक्कास. पण ॲपवर जीव लावू नका. एकेकाळी सगळ्यांच्या फोनमध्ये असलेलं कॅमस्कॅनर जून २०२० मध्ये ५९ चिनी ॲप्सबरोबर भारतात बंद झालं. मायक्रोसॉफ्टने आपलं लेन्स ॲपही २०२५ मध्ये निवृत्त करत असल्याचं जाहीर केलं. अनेकांचे कागद फक्त ॲपच्या आतच पडून होते. पीडीएफ बाहेर काढून ठेवली असती, तर ॲप राहो वा जावो, काय फरक पडला असता?

शोधलं तरी सापडेना

स्कॅन म्हणजे फोटो. त्यात अक्षरं शोधायची तर ओसीआर लागतं. मायक्रोसॉफ्टच्या त्या मोडीत ओसीआर होतं, पण मराठीला ते नव्हतंच. मराठी पान दिलं, की चिन्हांची मिसळ! आता टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर मराठी ओळखतं. एचपीमध्ये जन्मलेलं हे सॉफ्टवेअर २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून चांगलंच सुधारलं. भाषा मात्र तुम्हाला निवडून द्यावी लागते. इंग्रजीवर ठेवून मराठी पान वाचायला लावलं, तर दोष त्याचा नाही. छापील पानावर ते छान चालतं. आकड्यांवर विश्वास ठेवू नका, १ आणि ९ ची अदलाबदल ते हसत हसत करतं. आणि जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पीडीएफमधून कॉपी-पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी येत असेल, तर ती फाइल खराब नाही, ती युनिकोडच्या आधीची आहे. तिचंही ओसीआर करून घेणं सोपं.

आपली खरी मोडी लिपी युनिकोडमध्ये आली २०१४ साली. म्हणजे ती टाइप करता येते, पण दप्तरातली धावती मोडी वाचणं वेगळं. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारं एआय मॉडेल मांडलं, चांगली सुरुवात आहे. सर्टिफिकेटचा प्रश्न असेल तर मात्र आजही मोडी जाणणारा माणूसच गाठायचा. त्याला पाठवायचा स्कॅन पुरेसा मोठा असेल, तर त्याचे डोळे आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतील.

एवढं करूनही फाइलींच्या ढिगात नोंद सापडत नाही, तेव्हा तुम्ही कोणता शब्द शोधताय ते बघा. जुन्या इंग्रजी कागदांत बीडचं स्पेलिंग ‘भीर’ असं वाचलं जाईल असं आहे. अंबाजोगाई तर निजामाच्या काळात मोमिनाबाद होती! सर्च बॉक्सला हा इतिहास माहीत नसतो. फाइलचं नाव ‘स्कॅन०००१’ असेल, तर तर विचारूच नका. गावाचं आजचं नाव, जुनं नाव, सर्व्हे नंबर, पान क्रमांक, एवढं नावातच लिहा. आणि कागदावर सन १३४४ दिसलं, तर ‘ओसीआरने १९४४ चं १३४४ केलं’ म्हणून ते दुरुस्त करायला जाऊ नका. ते फसली सन आहे. हैदराबाद संस्थानात ते चालायचं, आणि त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १९३४ च्या आसपासचं. फाइलच्या नावात दोन्ही लिहा, आधी फसली, मग इसवी.